कडाक्याच्या थंडीसाठी चेरीचा खुंट कसा निवडावा

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या वायव्य भागात, ट्रॅव्हर्स सिटीच्या परिसरात, हिवाळ्यानंतर चेरीचे झाड वाळले की दोष बहुधा वरच्या जातीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा मुळे, म्हणजेच ज्यावर त्या जातीचे कलम बांधतात तो खुंट, आधी मेलेला असतो. सुप्तावस्थेतील खोड उणे 25 अंश सेल्सिअसच्या आसपासही तग धरू शकते, पण मुळांना उणे 10 ते 15 अंशांतच इजा होऊ लागते. जमीन हवेइतकी गार होत नाही, म्हणूनच झाड वाचते. बर्फाचा थर नसलेला कोरडा, बोचरा हिवाळा त्यामुळेच सर्वांत घातक ठरतो.

आपल्याकडील द्राक्षबागायतदार क्षार आणि पाण्याचा ताण पाहून डॉगरिजचा खुंट घेतात. मिशिगनमध्ये चेरीसाठी तोच विचार थंडी आणि निचरा यांच्या बाबतीत करावा. रेताड, पाणी न साचणाऱ्या जमिनीत महालेब हा खुंट उत्तम, आणि मॉन्टमॉरेन्सी या आंबट चेरीसाठी तर तो रुळलेला खुंट आहे. भारी, ओलसर जमिनीत मात्र त्याची मुळे कुजतात. अशा ठिकाणी माझार्ड हा खुंट चालतो, पण थंडीत तो महालेबपेक्षा कमकुवत आहे. जर्मनीतील गीसेन येथे तयार झालेले गिझेला 5 आणि गिझेला 6 हे खुंट काटक असून लवकर फळ देतात, परंतु हलक्या जमिनीत त्यांना पाणी आणि खत वेळेवर द्यावे लागते. बेताच्या जमिनीत मी गिझेला 6 ला पसंती देईन. कोल्ट हा खुंट थंडीला नाजूक असल्याने येथे टाळावा.

लागवड करताना कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्यावा. जून संपल्यावर नत्र देऊ नये, कारण उशिरा आलेली कोवळी वाढ थंडीपूर्वी पक्व होत नाही. जमीन गोठण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी द्यावे, कारण कोरड्या मातीत थंडी अधिक खोल उतरते. त्यानंतर लाकडी भुश्याचे आच्छादन घालावे, पण ते बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे; उंदीर त्याच आडोशाला साल कुरतडतात. उन्हाने तापलेली साल रात्री गोठून तडकू नये म्हणून खोडाला निम्मे पाणी मिसळलेला पांढरा लॅटेक्स रंग द्यावा.

वसंतात झाड फुलले म्हणून निर्धास्त होऊ नये. खोडातील साठ्यावर ते पानेही काढते आणि जूनच्या पहिल्या उन्हात अचानक कोमेजते. एप्रिलमध्येच बुंध्यापासून हातभर अंतरावर माती उकरून पेन्सिलीएवढे मूळ चाकूने तिरके कापून पाहावे. आतला भाग पांढरट आणि घट्ट असेल तर मूळ जिवंत आहे. तपकिरी आणि पाणचट असेल तर ते मेले आहे. चारही बाजूंनी असे तपासावे. निम्मी मुळे जिवंत आढळल्यास कोरड्या दिवशी फांद्यांची हलकी छाटणी करून त्या वर्षीची फळे काढून टाकावीत आणि पाणी थोडे थोडे पण नियमित द्यावे.