ढगाळ दिवस आणि उकाड्याच्या रात्री: युरिया टाकायच्या आधी हे वाचा

दिवसभर आभाळ आणि रात्रभर उकाडा असं चाललं की पीक नुसतं उंच वाढतं, फुलगळ होते, दाणा पोसत नाही आणि आपण लगेच युरियाचं पोतं फोडतो. जरा थांबा.

पान उजेडात साखर बनवतं ती जमा, आणि ती फक्त दिवसा, फक्त हिरव्या भागात. श्वसन हा खर्च, तो मात्र चोवीस तास, मुळं, खोड, फुलं, दाणे सगळीकडे. उन्हातली ऊर्जा साखरेत बांधली जाते, श्वसनात ती सुटते, त्यातली निम्म्याहून कमी एटीपी (पेशी कामाला वापरते तो ऊर्जेचा रेणू) होऊन पेशीच्या कामाला येते आणि बाकीची उष्णता होऊन जाते ती गेलीच. आता ढगांमुळे जमा आधीच कमी, त्यात साधारण 10 अंशांनी तापमान वाढलं की श्वसन जवळपास दुप्पट होतं. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या नोंदींवरून 2004 मध्ये दिसलं की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान 1 अंशाने वाढलं तर भाताचं उत्पादन सुमारे 10 टक्के घटतं. एका अंशाला एवढं!

उघड्या शेतात रात्र थंड करता येत नाही, पण पॉलिहाऊसवाल्यांनी अशा दिवसांत संध्याकाळ झाली की पडदे पाडायची घाई करू नका, गरम हवा निघू द्या. बाकीच्यांनी तण काढा, वेलवर्गीय पिकात तळाची पिवळी पडलेली पानं काढा, ती सावलीत काही कमवत नाहीत. युरियातल्या जादा नत्राने पाला वाढतो, सावली वाढते आणि खाणारी तोंडंही वाढतात.

सगळ्यात जास्त लक्ष मुळांकडे द्या. पाणी साचलं की मुळांचा ऑक्सिजन संपतो, मग एका ग्लुकोजमागे 30 च्या आसपास एटीपी मिळायचे तिथे 2 मिळतात, मुळांना पाणी ओढायची ताकद राहत नाही, म्हणून तर पाण्यात उभं असलेलं पीक सुकल्यासारखं मान टाकतं. भाताचं वेगळं, त्याच्या आत हवा मुळांपर्यंत न्यायला पोकळ्या असतात. बाकी पिकात आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वापसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर झाल्याशिवाय, खत नाही.

तोडलेला मालसुद्धा श्वास घेतो आणि त्याची जमा बंद झालेली असते, त्यामुळे तोडणी पहाटे करा, माल सावलीत पसरा, ढीग नको. ओलं धान्य पोत्यात भरलं असेल तर मध्यापर्यंत हात घालून बघा, कोमट लागलं तर त्याच दिवशी पोती मोकळी करून परत वाळवा.