जुन्या लॅपटॉपात एसएसडी टाकायची? घरीच टाका, पण घाई नका करू

आर्वीकडच्या रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटंसं दुकान आहे माझं, आणि तिथला लॅपटॉप २०१३ चा. मागं जुलैत पीक विम्याचे शेवटचे दिवस होते, दहा-बारा जण सातबारा घेऊन उभे, अन् लॅपटॉप नुसता गोल चक्कर फिरवत बसलेला. एक काका म्हणाले, "काहून बे, तुह्या यंत्रालेबी पाणी पाजा लागते काय?" सगळे हसले, मीबी हसलो, पण त्याच आठवड्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी नवी डिस्क, टाकली. आधी चालू करून चहा प्यायला जाता यायचं, आता बटन दाबून खुर्ची सरकवेपर्यंत डेस्कटॉप समोर असते.

तं आधी हे पाहा की गडबड डिस्कचीच आहे का. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडते, त्यात 'डिस्क'च्या खाली सारखं शंभर टक्के दिसत असेल तं रोग तोच. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ५४०० वेळा, आणि तिच्यावर एक बारीक हात फाइल शोधत पळतो. एकेका शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, ऐकायला काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो बारक्या फाइली वाचते, मंग हिशोब लावा. एसएसडीत फिरणारं काही नसतेच. पण रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, २ जीबीच असेल तं एकट्या एसएसडीवर भागणार नाही, रॅमबी वाढवा लागते.

खरेदी करताना 'अडीच इंची साटा एसएसडी' असंच सांगा, साटा म्हणजे डिस्क जोडायच्या कनेक्शनचं नाव. ती लांबट पट्टीसारखी एम डॉट टू नका आणू, २०१३ च्या लॅपटॉपात बहुतेक तिची जागाच नसते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड असते आणि एसएसडी सात, म्हणून थोडी हलते, तेवढी प्लास्टिकची चौकट डब्यात मिळाली तं ठीक, नाही तं जाड पुठ्ठ्याची पट्टी लावली तरी चालते. महागातली घ्यायची गरज नाही, कारण जुन्या मशीनचं साटा कनेक्शनच तेवढा वेग देत नाही. फॉर्म, फोटो, पीडीएफ एवढंच काम असेल तं २५६ जीबी भरपूर. विंडोजमध्ये ती २३८ दाखवते, दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजारानं मोजते अन् विंडोज १०२४ नं. मात्र पेनड्राइव्हच्या भावात २ टीबी मिळाली तं नकली समजून जा. मी नागपूरला सीताबर्डीतून बिल आणि तीन वर्षांची वॉरंटी घेऊन आणली. सोबत साटा टू यूएसबी केबल आणि बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, अन् विंडोज टाकायला घरात ८ जीबीचा पेनड्राइव्ह असतोच.

आता डेटा, म्हणजे खरं काम. स्क्रू कोणीबी खोलते हो, डोकं इथं लागते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत पाहा. निळं 'गुड' दिसलं तं बरं, पिवळं किंवा लाल दिसलं तं बाकी सगळं सोडून आधी कामाच्या फाइली बाहेर काढा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, हिशोबाच्या टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले सेव्ह पासवर्ड, हे लोक विसरतात.

यानंतर दोन रस्ते. एक म्हणजे क्लोन, जुनं जसंच्या तसं नव्यावर उतरवायचं. बऱ्याच एसएसडी कंपन्या त्याचं सॉफ्टवेअर फुकट देतात. दुसरा, विंडोज नवीन टाकायची. मी आधी क्लोनच्या नादी लागलो, दुकानातल्या दुसऱ्या, डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या डिस्कचं, भर दुपारी. सत्तर-बहात्तर टक्के झालं अन् लाइट गेली. इन्व्हर्टर होता पण त्याच्यावर फक्त पंखा आणि ट्यूब. जुनी डिस्क आधीच कण्हत होती, त्या झटक्यानं तिनं मानच टाकली, बॅकअप घेतला होता म्हणून वाचलो. तवापासून हे काम बॅटरी ठीक असलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएसवरच, अन् तेबी रात्री. क्लोनमध्ये 'सोर्स' म्हणजे जुनी आणि 'टार्गेट' म्हणजे नवी, हे उलटं झालं तं रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, मंग रडून उपयोग नाही. दोन्हींचं जीबी वाचून मगच ओके करा.

माझं मत विचाराल तं नवीनच टाका, दहा वर्षांचा कचरा कशाला वाहून न्यायचा? कोणती टाकायची हा प्रश्न आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागते, जो आपल्याजवळ नाही. नुसतं नेट, यूट्यूब, पोरांचा अभ्यास असेल तं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम मस्त चालते. मला अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर विंडोजचेच लागतात म्हणून मी १० वर आहे, हे काही फार शहाणपणाचं नाही, पण सध्या इलाज नाही. आधीची विंडोज १० ऑनलाइन ॲक्टिव्हेट झालेली असेल तं त्याच मदरबोर्डवर पुन्हा टाकल्यावर ॲक्टिव्हेशनचा नंबर मागत नाही, फक्त व्हर्जन तेच टाका, होम तं होम.

खोलायच्या आधी चार्जर काढा, बॅटरी काढा, मंग पॉवर बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाते. बॅटरी आत असेल तं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिची पिन काढा. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की स्वेटर नसतानाबी चटका बसते, म्हणून पाण्याच्या लोखंडी नळाला हात लावूनच बसा. एका कागदावर लॅपटॉपचं उलटं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी सेलोटेपनं चिकटवत जा, लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तं वरून कीबोर्डपाशी टेंगूळ येते. माझ्या लॅपटॉपचं झाकण उघडलं तं पंख्यात पांढरीशुभ्र गादी! तीन हिवाळे शेजारच्या खोलीत भाव यायची वाट पाहत कापूस भरून होता, त्याची रुई. चिमट्यानं ओढली तं अख्खी पट्टी निघाली, मशीन तापत होती ती काहून ते तवा समजलं.

डिस्क वर उचलायची नाही, कनेक्टरपासून बाजूला सरकवायची. जुन्या डिस्कला असलेल्या चौकटीचे चार स्क्रू काढून तीच चौकट एसएसडीला लावा, सरळ आत ढकला, टक झालं की बसली. डेस्कटॉपमध्ये तं केबल तीच, एसएसडी इतकी हलकी की डबल टेपनं चिकटवली तरी राहते.

चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा, साटा मोड एएचसीआय आहे का पाहा. नवी विंडोज टाकणार असाल अन् तो नसेल तं आत्ताच तसा करा. क्लोन केली असेल तं त्याला हात लावू नका, नाही तं निळा स्क्रीन. नवी टाकायची असेल तं मंग विंडोज भरलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, 'अनअलोकेटेड' म्हणजे कोरी जागा निवडून नेक्स्ट. जुनी डिस्क या वेळी जोडलेली नकोच. झाल्यावर डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवरच्या फाइली नीट लावायचं जुनं काम, कधी करू नका, पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा.

जुनी डिस्क महिनाभर तशीच राहू द्या, काही राहून गेलं असेल तं आठवते. नंतर यूएसबीच्या डबीत, म्हणजे केसिंगमध्ये, टाकून बॅकअपला वापरा. पण कबाड्याला द्यायची असेल तं क्विक नाही, पूर्ण फॉरमॅट मारूनच द्या, माझ्यासारख्याच्या डिस्कवर अर्ध्या गावाचे आधार आणि पासबुक असतात. डेस्कटॉपची मेलेली डिस्क तं मी खोलूनच टाकली, तबकडीवर खिळ्यानं रेघा मारल्या. आत दोन चुंबकं निघाली, एक पोरानं पळवलं अन् एक आमच्या फ्रीजवर लाइटबिल धरून आहे.