फॉरमॅट मारण्याआधीची पंधरा मिनिटं

आयटीआयला हार्डवेअरचा ट्रेड करून इचलकरंजीतल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात लागलो, तेव्हा मला दोनच औषधं येत होती. पीसी सुरू होत नसेल तर रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासायचे आणि परत बसवायची. सुरू होऊन रखडत असेल तर फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. ही दोन औषधं बऱ्याचदा लागूही पडायची, त्यामुळं आपल्याला काम येतं असा माझा पक्का समज होता.

तो समज एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसातल्या पीसीनं मोडला. तक्रार साधी होती. सकाळी चालू केला की वीस मिनिटं त्याला हात लावता येत नाही. मी फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, पैसे घेतले. नवव्या दिवशी पीसी दुकानात परत. पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्यांदा आला तेव्हा हार्ड डिस्क दिसायचीच बंद झाली होती, आणि रिटर्न भरायचा हंगाम ऐन रंगात होता. दुकानाचे मालक, आमचे अण्णा, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पहिल्यांदा आला तेव्हा डिस्क बघितलीस का?"

डिस्क 'बघायची' असते हेच मला माहीत नव्हतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर दोनदा अख्खं विंडोज लिहून मीच तिला शेवटचे धक्के दिले होते.

या लाइनीत नवीन येणाऱ्या पोरांना म्हणून मी स्क्रूड्रायव्हरच्या आधी टास्क मॅनेजर उघडायला लावतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. त्यासाठी काही उतरवून घ्यायला लागत नाही, तो प्रत्येक विंडोजमध्ये बसलेलाच असतो. बहुतेक जण तो उघडतात, हँग झालेला प्रोग्रॅम मारतात आणि बंद करतात. तुम्ही परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि डिस्कवर क्लिक करा. तिथं दोन आकडे एकत्र वाचायचे. ॲक्टिव्ह टाइम शंभर टक्के आहे, पण खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक एमबी. म्हणजे डिस्क घाम गाळतेय आणि काम काहीच होत नाही. तिथंच ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम असतो. चांगली एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली नव्या प्रकारची डिस्क, एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देते, जुनी फिरती डिस्क कामात असताना दहा-वीस मिलिसेकंदांत. तो आकडा हजार-दोन हजारांवर ठाण मांडून बसला असेल तर फॉरमॅटचा विचार सोडा आणि आधी डेटा बाहेर काढा. शंका असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा. नेमकी कुठली फाइल अडकलीय हे त्यात नावानिशी दिसतं. कधी कधी डिस्क ठणठणीत निघते आणि दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर भांडत असतात.

डिस्कची खरी कुंडली मात्र क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये. जपानमधल्या एका प्रोग्रॅमरनं बनवलेलं हे छोटंसं टूल डिस्कनं स्वतःच स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी, म्हणजे स्मार्ट डेटा, वाचून दाखवतं. वर रंग दिसतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. नवीन माणूस रंग बघून थांबतो. तुम्ही खालच्या यादीत उतरा. ०५ म्हणजे खराब झालेल्या सेक्टरऐवजी (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा) राखीव जागेतले किती वापरले. सी५ म्हणजे वाचताना अडखळलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. फिरत्या डिस्कवर सी५ वाढत चाललेला दिसला की मी गिऱ्हाइकाला तिथंच फोन लावतो.

इथं एक खोच आहे, मी स्वतः तिच्यात फसलोय. रॉ व्हॅल्यूचे, म्हणजे या नोंदींसमोरचे मूळ आकडे हे टूल मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या मोजणीत दाखवतं. मी '१०' वाचून दहा सेक्टर सांगितले होते, ते निघाले सोळा. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्या. आणि काही डिस्कवर ०१ किंवा ०७ समोर कोटीच्या घरातले आकडे दिसतात, ते बघून घाबरू नका. त्या कंपन्यांची नोंद ठेवायची पद्धतच तशी आहे.

सी७ वेगळा. तो डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत झालेल्या चुका मोजतो. एका झेरॉक्सवाल्या ताईंच्या पीसीची डिस्क 'गेली' म्हणून त्यांना कुणीतरी नवीन घ्यायला सांगितलं होतं. ०५ शून्य, सी५ शून्य, सी७ मात्र काही शे. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलली. सी७ चा आकडा पुन्हा शून्यावर येत नसतो, म्हणून तो वहीत लिहून ठेवला आणि आठवड्यानं जाऊन परत बघितला. तिथंच थांबलेला होता. ताईंनी केबलचे पैसे दिले आणि वर चहा पाजला.

आता उष्णता. इचलकरंजीत हा विषय टाळून धंदा होतच नाही, कारण यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात कापसाची बारीक लव हवेतच तरंगत असते. ती पंख्यातून आत ओढली जाते आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पात्यांवर गादीसारखी बसते. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा खाली पोचत नाही. असा पीसी बंद पडतोच असं नाही. बऱ्याचदा तो फक्त मंद होतो, कारण प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "व्हायरस आलाय बघा."

यासाठी मी एचडब्ल्यूइन्फो वापरतो. उघडताना 'फक्त सेन्सर' निवडलं की लांबलचक तक्ता येतो, त्यात आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी असे चार रकाने. माझी नजर आधी कमालच्या रकान्यावर जाते. तुम्ही पीसीसमोर बसल्यावर तो शहाण्यासारखा वागतो, पण मगाशी त्यानं काय केलं ते तिथं लिहिलेलं असतं. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची हद्द १०० अंश सेल्सिअस असते आणि तिथं पोचल्यावर थर्मल थ्रॉटलिंगच्या, म्हणजे तापल्यामुळं वेग उतरवल्याच्या ओळीत 'येस' दिसतं. पण आकडा पाठ करून सगळीकडे लावू नका. रायझेन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर पूर्ण भार आल्यावर ९५ अंशांपर्यंत जातात, ते त्यांच्या रचनेतच आहे. तेवढ्यासाठी प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलून पैसे घेतलेत तर ते चुकीचं होईल. नुसता डेस्कटॉप उघडा ठेवलेला असताना ऐंशी-पंच्याऐंशी दिसत असेल, तेव्हा मात्र झाकण काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. आणि हीटसिंकच्या चार पिना एकेक करून हलवून बघा. अर्ध्या वेळा धुळीपेक्षा एक सुटलेली पिनच गुन्हेगार असते.

बाकीची हत्यारं थोडक्यात सांगतो. चालू असलेले प्रोग्रॅम तपशिलात दाखवणारा प्रोसेस एक्स्प्लोरर आणि पीसीबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारा ऑटोरन्स हे सिसइंटर्नल्सच्या संचातले. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे काम २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं, आणि आजही ते फुकट मिळतं. ऑटोरन्समध्ये काही नको वाटलं तर डिलीट करू नका, नुसती खूण काढा. चुकलात तर परत लावता येते. निळी स्क्रीन येऊन पीसी कोसळत असेल तर कारण शोधायला ब्लूस्क्रीनव्ह्यू, रॅमचा संशय असेल तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६. तो रात्रभर चालू ठेवून घरी जा. पाच मिनिटांत 'पास' म्हणणारा माणूस रॅम तपासत नसतो. आणि स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून बघा. गेल्या काही दिवसांत काय काय कोसळलं, कुठल्या तारखेला काय इन्स्टॉल झालं, हे एका आलेखावर येतं. "मी काहीच केलं नाही" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर हा आलेख हळूच फिरवावा.

ही टूल्स बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या साइटवर हिरव्या रंगाचं भलं मोठं डाउनलोडचं बटण असतं, ते दाबलंत की दुरुस्तीला आलेल्या पीसीत तुम्हीच नवा आजार घालाल. आणि फुकट म्हणजे सगळ्यांना फुकट नव्हे. एचडब्ल्यूइन्फो घरगुती वापराला मोफत आहे, धंद्यासाठी त्याचा परवाना लागतो. दुकान काढाल तेव्हा प्रत्येक टूलची अट वाचा.

डेस्कटॉप सपोर्टच्या मुलाखतीला जाणार असाल तर टूलची नावं पाठ करून जाऊ नका. मी आता दुकानासाठी मुलं निवडतो तेव्हा एकच विचारतो, "पीसी स्लो आहे. पहिलं काय बघशील?" 'फॉरमॅट' म्हणणारे खूप असतात. 'कधी स्लो होतो ते विचारीन' म्हणणारा मी ठेवून घेतो. तुमची वही आजच सुरू करा. तारीख, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, आल्यावर दिसलेले आकडे, काय केलं, जातानाचे आकडे. स्वतःच्या चांगल्या चाललेल्या पीसीचे आकडेही लिहा. निरोगी माणसाची नाडी बघितल्याशिवाय ताप कळत नाही.

आणि कधी कधी टूल काहीच सांगत नाही, तेही वाचता आलं पाहिजे. एका यंत्रमागवाल्या शेठांचा पीसी दिवसातून दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट व्हायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ च्या रांगा होत्या. त्याचा अर्थ इतकाच, की पीसी नीट बंद न होता गेला. डिस्क निळी, मेमटेस्ट स्वच्छ. मी एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये चालू ठेवून दुसऱ्या दिवशी गेलो. अकरा बेचाळीसला नोंद मध्येच तुटलेली. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ५२ अंशांवर, भार नाममात्र. तापून किंवा भारानं पीसी गेला नव्हता, म्हणजे वीजच तुटली होती. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर संशय घेऊन मी मल्टिमीटर लावला. पिवळ्या वायरीवर १२.१ व्होल्ट. चालतात ११.४ ते १२.६. तेही बरोबर.

चहा येईपर्यंत बसून राहिलो. शेजारच्या शेडमध्ये वार्पिंगची मोटर सुरू झाली आणि डोक्यावरची ट्यूब मिचकली. पीसी गेला. टेबलाखाली वाकून बघितलं तर यूपीएस होता, दिवाही लागलेला. भिंतीतून त्याची पिन काढली, तसा यूपीएसही चूं न करता मेला.

"शेठ, याची बॅटरी कधी बदलली होती?"

शेठांनी कप खाली ठेवला. "त्यात बॅटरी असती होय?"