हंडी, घंटा आणि मृगातला ढग: विज्ञान दिनाची तयारी

विज्ञान दिनाला आठवीचे ‘ध्वनी’ आणि ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हे दोन धडे जोडून घ्यायचे असतील, दुपारी प्रयोग आणि रात्री आकाशदर्शन, तर सगळ्यात आधी स्पंज काढून ठेवा. चार बोटं जाड, गादीत असतो तसला, घंटेच्या बुडापेक्षा थोडा मोठा. घंटा झाकायची काचेची हंडी नंतर शोधा, तिच्यातली हवा काढणारा निर्वात पंप नंतर मागून आणा. गेल्या वर्षी माझ्याकडे सगळं होतं, फक्त स्पंज नव्हता. विजेची घंटा थेट हंडीखालच्या तबकडीवर ठेवली, पंप चालवून हवा काढली आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, आवाज येतोय की!” येतच होता. घंटेची कंपनं तबकडीत, तबकडीतून टेबलात, टेबलातून वर्गातल्या हवेत. हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, लोखंडात ५,००० च्याही वर, हे मीच आठवडाभर आधी फळ्यावर लिहिलं होतं. पण हवा काढली तरी आवाज येतो, असंच शिकून मुलं घरी गेली. रात्री अवकाशातून आवाज आपल्यापर्यंत का येत नाही हे सांगायला लागले, तर कुणी मानेना. त्यांचं काय चुकलं? त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

म्हणून घंटेखाली स्पंज, तो कंपनं तबकडीत उतरू देत नाही. आणि घंटा टांगणार असाल, तर जाड तारेला नको, तीच तार कंपनं हंडीच्या बुचापर्यंत नेते. बारीक, लवचीक तारा घ्या.

हंडीच्या कडेला ग्रीस लागेल. कड टवका उडालेली किंवा काचेला तडा असेल, तर प्रयोगच रद्द करा. आतली हवा गेल्यावर बाहेरची हवा काचेला चहूबाजूंनी दाबते आणि हंडी आतल्या बाजूला फुटू शकते. मुलं दोन मीटर मागे. याबाबतीत कुणाचंही ऐकू नका, मुख्याध्यापकांचंही नाही. पंपाचा स्वतःचा आवाज मोठा असतो, तेव्हा तोटी बंद करून पंप थांबवा, पंखे बंद करा, मग ऐकायला सांगा. शाळेतल्या पंपाने पूर्ण निर्वात होत नाही. आवाज अगदी क्षीण होईल, नाहीसा होईलच असं नाही, आणि मुलांना हे आधीच खरं सांगून टाका. घंटा वाजत असतानाच हवा हळूहळू आत सोडा. आवाज परत येतो ना, तिथे मुलांना पटतं. त्यानंतर मुद्दाम स्पंज काढून तोच प्रयोग पुन्हा करा आणि आता आवाज का आला ते त्यांनाच विचारा.

नादकाटा, पाण्याची वाटी, स्लिंकी: नेहमीचंच. तबला मिळाला तर आणा, पुडीवर तांदळाचे चार दाणे टाकून वाजवा. ज्यांच्या शोधासाठी हा दिवस पाळतात, त्या रामन यांनी तबला-मृदंगाच्या नादावरही काम केलं होतं. पुडीवरच्या शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या गोलामुळे, चर्मवाद्याला सुरेल नाद येतो, हे त्यांनी दाखवलं. एवढं सांगायला दोन मिनिटं राखून ठेवा.

दोन धडे जोडणारा दुवा मात्र घाईत उरकू नका. तारा तेजोमेघातल्या, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगातल्या, थंड आणि त्यातल्या त्यात दाट वायूतून जन्मतो. त्या ढगाचा एखादा भाग दबला की आतला दाब त्याला परत फुगवायला बघतो, आणि हा दाब पसरतो तो ध्वनीच्याच वेगाने. स्लिंकीच्या स्प्रिंगमध्ये दाखवलेली संपीडनं (दाट भाग) आणि विरलनं (विरळ भाग) तीच. उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेल्या त्या वायूत हा वेग सेकंदाला साधारण २०० मीटर, म्हणजे आपल्या हवेतल्यापेक्षाही कमी. ढग फार मोठा असेल, तर ही लाट पोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने बाजी मारलेली असते आणि ढग कोसळू लागतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९०२ साली हे गणिताने मांडलं. आपला सूर्यही ४६० कोटी वर्षांपूर्वी असाच घडला.

इथे एखादं हुशार पोर विचारेलच, “मग अवकाशात आवाज आहे की नाही?” उत्तर तयार ठेवा. जिथे वायू आहे तिथे लाटा आहेत, पण वायू इतका विरळ की आपला कान निकामी. ययाती दीर्घिकासमूहातल्या वायूत २००३ मध्ये अशा लाटा सापडल्या, एका कंपनाला जवळपास १ कोटी वर्षं लागतात. हे उत्तर पटायला दुपारची घंटा नीट गप्प झालेली असावी लागते. स्पंज!

रात्रीचं थोडक्यात. पंचांग बघा. शुक्ल अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत चांदण्यात तेजोमेघ फिका पडतो, २८ तारखेचाच हट्ट नको. साडेसातला मृग डोक्यावरून थोडा दक्षिणेकडे असतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली अंधुक ताऱ्यांची छोटी ओळ, तिच्या मधला धूसर ठिपका म्हणजे तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. तिथे आत्ता तारे जन्मताहेत. साधी द्विनेत्री दुर्बीण पुरे. मृगातलेच दोन ठळक तारे, तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य, दाखवा. काक्षी जेमतेम १ कोटी वर्षांचा आणि म्हातारा, कारण जड तारे लवकर संपतात. टॉर्चला लाल कागद. पालकांची संमतीपत्रं, पाणी, सतरंज्या. मुलींना घरी कोण सोडणार ते आधी ठरवा.

हंडीच्या खोक्यावर मी खडूने ‘स्पंज’ लिहिलंय. यंदा तो आदल्या रात्रीच आत ठेवणार आहे.