'फ्यू' की 'अ फ्यू': इंग्रजीतले 'थोडे' नेमके कसे लिहावे

मराठीतला 'थोडा' हा शब्द तांदळालाही चालतो आणि माणसांनाही. इंग्रजीत मात्र परिमाणवाचक शब्द निवडण्यापूर्वी पुढचे नाम मोजता येते की नाही, हे ठरवावे लागते. मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामांपूर्वी 'मेनी' आणि 'फ्यू' येतात, तर पाणी किंवा पैसा यांसारख्या नामांपूर्वी 'मच' आणि 'लिटल'. पैशाने गोंधळून जाऊ नये: आपण नोटा मोजतो खऱ्या, पण 'मनी' हे नाम इंग्रजी व्याकरणात अगणनीयच आहे, आणि 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'अ‍ॅडव्हाइस' हीही त्याच पंक्तीला बसतात.

खरी कसोटी लागते ती इवल्याशा 'अ'पाशी. मराठीत उपपद नसल्याने आपण ते सहज गाळतो आणि अर्थ उलटतो. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मला काही मित्र आहेत. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मला मित्र जवळजवळ नाहीतच. 'अ लिटल' आणि 'लिटल' यांतही हाच भेद आहे. लिहिताना मनात 'थोडे तरी' म्हणून पाहावे. ते जुळले तर 'अ' ठेवावा, आणि 'फारसे नाही' जुळले तर काढावा.

नकारार्थी वाक्यात 'काही'साठी सहसा 'सम' नव्हे, 'एनी' वापरावे. 'ईच' व 'एव्हरी' यांच्यापुढे 'प्रत्येक'प्रमाणेच एकवचन येत असल्यामुळे तेथे मराठी कान पुरेसा आहे. फक्त 'ईच ऑफ'नंतरचे नाम अनेकवचनी असते आणि क्रियापद मात्र एकवचनीच राहते, जसे 'ईच ऑफ द बॉइज हॅज अ बुक'.