कापसाच्या गाड्यांची जीपीएस नोंद कशी वाचावी

हंगामात यवतमाळ-वर्धा पट्ट्यातील खेड्यांतून जिनिंगकडे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचा अभ्यास करताना गाडी कुठून कुठे गेली यापेक्षा ती कुठे आणि किती वेळ थांबली, याकडे अधिक लक्ष द्यावे. कारण रांगेत गेलेला दिवस म्हणजे गाडीची बुडालेली खेप असते.

गाडीमालक आणि चालक यांची लेखी संमती घेऊन प्रत्येक नोंदीत सांकेतिक गाडी क्रमांक, अक्षांश, रेखांश, वेग, इंजिन चालू की बंद आणि वेळ एवढे तरी मिळवावे. गाडीतल्या जीपीएस यंत्राची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले नाहीत, तर पहाटे चारला आर्वीहून निघालेली गाडी आदल्या दिवसाच्या हिशेबात जाते. रेंज नसताना साठलेल्या नोंदी यंत्र मागाहून पाठवते, म्हणून क्रम लावताना सर्व्हरची नव्हे, यंत्राची वेळ धरावी.

अंतर मीटरमध्ये मोजताना विदर्भात एक खास खोच आहे. यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीतील ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा, म्हणजे ७८ अंश पूर्व रेखांश, आपल्या मधूनच जाते. दारव्ह्याहून यवतमाळला निघालेली गाडी वाटेतच पट्टा ओलांडते. सर्व नोंदींसाठी एकच पट्टा ठरवावा, अन्यथा अंतरे भलतीच येतात.

आता थांबे. उभ्या गाडीचाही बिंदू काही मीटर इकडेतिकडे हलतो, त्यामुळे ५० मीटरच्या आत १० मिनिटे राहिलेली गाडी थांबली असे मानून सुरुवात करता येते. जिनिंगच्या फाटकापुढे मात्र हा नियम फसतो, कारण रांग अधूनमधून पुढे सरकते आणि एकच खोळंबा अनेक तुटक थांब्यांत विभागला जातो. तिथे रस्त्यावरच्या रांगेसह आवाराची सीमा नकाशावर आखावी आणि वजनकाट्याची जागा वेगळी दाखवावी. गाडी काट्यावर दोनदा येते, आधी भरलेली आणि नंतर रिकामी. समजा, हिंगणघाटला एक गाडी सकाळी ७.१० ला रांगेत लागली, ११.४० ला काट्यावर चढली आणि दुपारी १.०५ ला रिकामी होऊन पुन्हा काट्यावर आली, तर प्रतीक्षा साडेचार तासांची आणि गाडी खाली होण्याचा वेळ १ तास २५ मिनिटांचा ठरतो. या दोहोंची बेरीज करून एकच आकडा देऊ नये; दोन्हींची कारणे वेगळी असतात.

पांदण रस्ते नकाशात अनेकदा नसतात आणि संगणक गाडीचे बिंदू जवळच्या डांबरी रस्त्यावर ओढून नेतो, म्हणून शेत ते गाव या टप्प्यासाठी मूळ बिंदूच ठेवावेत.

शेवटी एका दिवसाचा नकाशा कागदावर काढून चालकासमोर ठेवावा. माझ्या पहिल्या नकाशातला रोजचा वीस मिनिटांचा थांबा मी चहाचा म्हणून नोंदवला होता; खराब रस्ता संपला की सैल झालेली ताडपत्री आपण तिथे पुन्हा आवळतो, असे चालकाने नकाशा पाहताच सांगितले.