जुना निसान वन-टन विकायचाय? आधी रंगाचा डबा ठेवा बाजूला

जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेला हा फोर-बाय-फोर ट्रक. आमचा कामठी रोडवरच्या शेडमध्ये उभा आहे. भंगारवाला किलोचा भाव सांगतो, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

विकण्याआधी रंग मारू नका. ताज्या रंगाखाली काय लपवलंय, हाच संशय येतो. चिखल धुवा, बस्स. मग गंजाचेच फोटो काढा: चेसिसचे जोड, केबिनचा तळ, दारांच्या खालच्या कडा. मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. डिझेल बसवलं असेल तर तेही. शौकीन माणूस मूळ इंजिनालाच जास्त पैसे मोजतो.

इंजिन थंड असतानाच चालू करून दाखवा. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणाऱ्या गिअरच्या पेटीचा, लिव्हर टाकून पुढची चाकं ओढतात का, तेही दाखवा. अडकत असेल तर सरळ सांगा.

खरी कटकट कागदांची. लष्कराच्या लिलावाची पावती, आरसी आणि चेसिस नंबर जुळायलाच हवेत. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरा. गिऱ्हाईक परराज्यातलं असेल तर ना-हरकतीसाठीचा २८ही. नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमचीच, म्हणून डिलिव्हरी नोटवर तारीख-वेळ टाकून सही घ्या.